टेंगूळ आलेला एम्डन आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात गीजबद्दल, म्हणजे त्या बदकापेक्षा मोठ्या, लांब मानेच्या पाळीव पक्ष्यांबद्दल, ओझरतं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आलीयत की यावेळचं सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. बहुतेकांचा सूर एकच आहे, प्युअर घेऊ का मिक्स, माझे प्युअर आहेत का, आणि मिक्स झालेच तर काय बिघडलं. आधी शब्दाचं मिटवून टाकू. बरेच जण त्यांना बदक म्हणतात, ती बदकं नव्हेत. काही जण राजहंस म्हणतात, ऐकायला गोड वाटतं पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर भलताच पक्षी उभा राहतो. म्हणून मी आपलं एक असेल तर गूज आणि अनेक असतील तर गीज म्हणतो, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, त्यांना काही फरक पडत नाही, ते सगळ्यांवर सारखेच ओरडतात.

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी तीन पांढरी पिल्लं आणली. देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की प्युअर एम्डन (गीजचं एक पांढरं, जड ब्रीड) आहेत. आता त्यातल्या एकाच्या कपाळावर, चोचीच्या मुळाशी टेंगूळ यायला लागलंय. आधी वाटलं कुठेतरी आपटला असेल म्हणून मलम पण लावून बघितलं, पण ते वाढतंच आहे. ओळखीचे एक जण म्हणाले की तुम्हाला मिक्स माल खपवला. खरं काय समजायचं?

उत्तर: मलम लावायचं आधी थांबवा, त्याला काही झालेलं नाहीये. ते टेंगूळ त्याच्या खापरपणजोबांकडून आलंय.

पाळीव गीज दोन वेगवेगळ्या रानटी जातींपासून तयार झालेत, सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे. एक म्हणजे ग्रेलॅग, आपल्या पक्ष्यांच्या पुस्तकात ज्याला कलहंस म्हणतात तो. एम्डन, टुलूझ, पिलग्रिम, पोमेरेनियन, कुरळ्या पिसांचा सेबास्टोपोल हे सगळे त्याच्या वंशातले. दुसरा म्हणजे पूर्व आशियातला स्वान गूज, त्याच्यापासून चायनीज आणि आफ्रिकन हे दोन ब्रीड आले. (आफ्रिकनचं नाव आफ्रिकन असलं तरी त्याचं मूळ आफ्रिकेत नाही, नावावर जाऊ नका.) कपाळावरचा गोळा ही या दुसऱ्या घराण्याची खूण आहे, ग्रेलॅगच्या वंशात तो कधीच येत नाही. म्हणजे तुमच्या त्या पक्ष्यात चायनीजचं किंवा आफ्रिकनचं रक्त नक्की आहे, आणि पांढऱ्या रंगाचा म्हणाल तर चायनीजमध्ये पण अगदी शुभ्र पांढरे असतात. बहुतेकदा गोंधळ इथेच होतो, पांढरा दिसला की लावलं एम्डनचं लेबल.

आता बाकीच्या दोघांचं काय, तर अजून टेंगूळ नाही म्हणून ते एम्डन असं लगेच ठरवू नका. मादीचं टेंगूळ लहान असतं आणि उशिरा कळतं, मिक्स असेल तर फक्त चोचीच्या मुळाशी किंचित उंचवटा येतो, बोट फिरवल्याशिवाय समजत पण नाही. त्यापेक्षा मान बघा. ग्रेलॅगच्या वंशातल्या गीजच्या मानेवरची पिसं नांगरलेल्या शेतासारखी दिसतात, उभ्या सऱ्या पडलेल्या असतात. स्वान गूजच्या वंशात मान गुळगुळीत असते, जणू मखमल. क्रॉसमध्ये सऱ्या पुसट होतात. मला विचाराल तर रंगापेक्षा मान जास्त खरं बोलते. शिवाय उभं राहण्याची ढब बघा, चायनीज ताठ मानेने, अंग उचलून चालतो आणि बारीक चिरक्या आवाजात दिवसभर बडबडतो, एम्डन जास्त आडवा, भारदस्त. आणि मग वजन. अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे तिकडे ब्रीडची मापं ठरवून दिलीयत त्यांच्याप्रमाणे, पूर्ण वाढलेला एम्डन नर साधारण पावणेबारा किलोचा आणि मादी नऊ किलोची धरतात, चायनीज नर साडेपाच किलोच्या आतबाहेर आणि मादी साडेचारची. फरक केवढा आहे बघा, निम्म्याहून जास्त. तुमचे आत्ता सहा महिन्यांचे आहेत म्हणून पूर्ण वजन भरलेलं नसणार, पण दोन वर्षांचे झाल्यावरही सहा-सात किलोवरच अडकले तर उत्तर मिळालं असं समजा.

फसवणूक झाली का? देणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसण्याची शक्यता पुष्कळ, मी पण पहिल्यांदा जोडी म्हणून जे आणले होते ते दोन्ही नर निघाले आणि देणारा अगदी सज्जन माणूस होता. पण पक्षी चांगले आहेत, खातायत, वाढतायत, मग ठेवा. एवढंच करा की उद्या त्यांची पिल्लं कुणाला दिलीत तर एम्डन म्हणून देऊ नका. नाहीतर सहा महिन्यांनी ते मलम लावत बसतील.

प्रश्न: दोन वेगळ्या रानटी जाती आहेत तर त्यांचा क्रॉस खेचरासारखा वांझ होणार ना? मग पुढे ब्रीडिंग कसं करायचं?

उत्तर: नाही होत, आणि हा प्रश्न तुमच्या आधी खुद्द डार्विनला पडला होता. १८५९ च्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात त्याने साध्या (म्हणजे ग्रेलॅगच्या वंशातल्या) आणि चायनीज गूजच्या संकराचा मुद्दाम उल्लेख केलाय, की हे दोन पक्षी इतके वेगळे असूनही त्यांच्या संकराला पुढे पिल्लं होतात, आणि भारतात तर अशा मिश्र गीजचे कळपच्या कळप पाळले जातात असं त्याला जाणकारांनी कळवलं होतं. पुढे १८८० मध्ये त्याने स्वतः अशा संकराचे भाऊबहीण पाळून, त्यांच्या अंड्यांतून पिल्लं काढून बघितली आणि ते छापलं. म्हणजे मिक्स गीज ही काही आजची फॅशन नाहीये. वांझपणा बघायचा असेल तर मस्कोव्ही या वेगळ्या जातीच्या बदकाचा आणि साध्या बदकाचा क्रॉस बघा, तिथे तो खेचराचा नियम लागू होतो, अंड्यांतून पिल्लं निघतात, झकास वाढतात पण पुढचा वंश चालत नाही.

प्रश्न: पहिल्यांदाच गीज पाळणार आहे. परसात जागा भरपूर आहे, गवत आहे, एक छोटं तळं पण करता येईल. सगळे म्हणतात जातिवंतच घे. मुलगा म्हणतो मिक्स घ्या, दणकट असतात. तुम्ही काय घेतलं असतं?

उत्तर: ताई, मी आधी हे विचारलं असतं की दुसऱ्या पिढीचं तुम्ही काय करणार आहात. नुसती गवत खाणारी, आल्यागेल्याला हाळी देणारी, अधूनमधून अंडी देणारी चार पाखरं हवी असतील तर मुलाचं ऐका. पिल्लं काढून ती कुणाला द्यायची असतील, नाव लावून, तर मग जातिवंत.

जातिवंत म्हणजे काय हे लोक फार गूढ करून ठेवतात. जातिवंत म्हणजे जास्त चांगला असं अजिबात नाही. जातिवंत म्हणजे पिल्लं आईबापासारखीच येणार याची बऱ्यापैकी खात्री, बस. चायनीजची जोडी लावली तर पिल्लू चायनीजच होणार, हलकं, चपळ, वर्षाला चाळीस-पन्नास अंडी देणारं. टुलूझची लावली तर जड, शांत, पंचवीस-तीस अंड्यांवर थांबणारं. तुम्ही काय विकत घेताय ते आधीच माहीत असतं. खात्री नको असेल तर त्या नावाचा उपयोग शून्य.

आणि मुलगा म्हणतो ते पण खोटं नाही. दोन वेगळ्या ब्रीडचा पहिला क्रॉस बहुतेक वेळा खरंच दणकट निघतो, अंड्यात जीव धरण्याचं प्रमाण चांगलं, पिल्लं पटापट वाढतात, मांसासाठी पाळणारे तर एम्डन आणि टुलूझ किंवा एम्डन आणि चायनीज असे क्रॉस मुद्दाम करतात. पण लोक त्या पहिल्या पिढीवर भाळतात. पहिल्या पिढीची भावंडं सगळी एकसारखी दिसतात, वजनाला सारखी, रंगाला सारखी, आणि माणसाला वाटतं वा, आपण नवीन ब्रीडच तयार केलं. मग तो त्याच भावंडांची आपसात जोडी लावतो आणि पुढच्या वर्षी खुराड्यातून बाहेर येतं प्रदर्शन, एक आजोबासारखा, एक आजीसारखी, एकाच्या पाठीवर राखाडी शाल, एकाला अर्धं टेंगूळ, एकाच्या गळ्याखाली बैलासारखी पोळी लोंबतेय. त्यात चूक काहीच नाही, मला स्वतःला ते बघायला आवडतं, पण ज्याला खात्री हवी होती त्याची पंचाईत होते. पहिल्या पिढीचा जोर दुसऱ्या पिढीत तसाच राहत नाही, तो क्रॉस दरवेळी नव्याने करावा लागतो, आणि नव्याने करायचा तर दोन्ही बाजूचे जातिवंत पक्षी कुणीतरी सांभाळून ठेवलेले लागतात. म्हणजे चांगले मिक्स हवे असतील तरी कुठेतरी जातिवंत असायलाच पाहिजेत, हे मिक्सवाले सोयीस्करपणे विसरतात.

तुमच्यासाठी म्हणून सांगतो, पहिल्या खेपेला मध्यम अंगाचे घ्या. जड ब्रीड दिसायला राजेशाही, पण दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत नीट अंडी देत नाहीत, जड नराला जोड लावायला पोहण्याइतकं पाणी असलेलं बरं, पाय लवकर दुखावतात. चायनीज वर्षभरात तयार होतात पण आवाज असा की लांबच्या घरांतसुद्धा ऐकू जातो. सेबास्टोपोल चिंध्या पांघरल्यासारखा मस्त दिसतो, पण ती कुरळी पिसं पाऊस-वारा अडवत नाहीत आणि चिखलात त्याचं पार पोतेरं होतं, पहिल्यांदा पाळणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. कुठलेही घेतलेत तरी एक घेऊ नका, एकटा गूज झुरतो. आणि पंधरा-वीस वर्षं जगतात हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: माझ्याकडे टुलूझच्या दोन माद्या आहेत, चांगल्या लाईनच्या, म्हणजे चांगल्या घराण्यातल्या. मध्यंतरी शेजारचा चायनीज नर कुंपण ओलांडून यायचा आणि आता त्यांच्या अंड्यांवर माझा भरवसा राहिला नाही. एकाने सांगितलं की मादीला एकदा दुसऱ्या जातीचा नर लागला की ती कायमची बाद, पुढची सगळी पिल्लं मिक्सच येणार. काढून टाकू का त्यांना?

उत्तर: अहो नका हो काढू! हा जुना गैरसमज आहे, कुत्र्यांच्या बाबतीत सांगतात, घोड्यांच्या बाबतीत सांगतात, आणि सगळीकडे तितकाच खोटा आहे. मादी बाटत वगैरे नाही. आधीच्या नराचा मादीच्या रक्तावर काही परिणाम राहत नाही.

यात खरं आहे ते एवढंच की पक्ष्यांच्या मादीच्या शरीरात नराचे शुक्राणू काही दिवस जिवंत राहतात आणि त्या काळात येणारी अंडी त्याची असू शकतात. गीजमध्ये हा काळ साधारण आठवडा-दोन आठवड्यांचा असतो. तर त्या पाहुण्याचा येण्याचा रस्ता बंद करा, पुढचे तीन-चार आठवडे जी अंडी मिळतील ती खायला वापरा, उबवायला ठेवू नका. त्यानंतर त्यांच्याबरोबर तुमचाच टुलूझ नर असेल तर अंडी पुन्हा तुमच्या लाईनची.

पण तुमच्याकडे टुलूझ नर आहे का ते पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. नसेल आणि नवीन आणणार असाल तर ऐन हंगामात आणून लगेच अंड्यांची वाट बघू नका. कोंबडा आज आणला तर उद्या कामाला लागतो, गीजचं तसं नसतं, त्यांच्यात जोडी जमावी लागते. काही माद्या नव्या नराला आठवडेच्या आठवडे जवळ पण येऊ देत नाहीत, त्या कुंपणापलीकडच्या चायनीजकडे बघत बसतात. हंगामाच्या दोन-तीन महिने आधी आणा, आणि त्या आधी तीन-चार आठवडे वेगळा ठेवून आजारी नाही ना बघा. दोन माद्यांना एक नर हे जड ब्रीडसाठी अगदी योग्य आहे, हलक्या ब्रीडमध्ये चार-पाच माद्या पण चालतात.

राहिला तो शेजारचा नर. शेजाऱ्याशी भांडू नका, उलट तुम्हाला कधी मुद्दाम क्रॉस करायचाच असेल तर हीच जोडी बरी, हलका नर आणि जड मादी. उलटं केलं, म्हणजे दहा-बारा किलोचा टुलूझ चार किलोच्या चायनीज मादीवर, तर ती बिचारी चिरडून जखमी व्हायची.

प्रश्न: पिलग्रिममध्ये पिल्लू निघाल्याबरोबर रंगावरून नर-मादी कळतं असं वाचलं. माझ्या पिलग्रिम नराला मी राखाडी मिक्स मादी लावली तर पिल्लांमध्ये पण कळेल ना?

उत्तर: नाही कळणार, आणि कारण मजेशीर आहे. पिलग्रिमचा मोठा नर पांढरा आणि मादी राखाडी असते, एक दिवसाच्या पिल्लातही नर फिकट पिवळसर आणि मादी गडद, चोच पण गडद. हे घडवणारा जीन लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला आहे, आणि पक्ष्यांमध्ये ते गुणसूत्र नराकडे दोन आणि मादीकडे एकच असतं, आपल्या बरोबर उलटं. हा जीन रंग फिका करतो. दोन डोस मिळाले की पांढरा, एक मिळाला की राखाडीच पण जरा फिका.

आता तुमचा नर दोन डोसवाला आहे, राखाडी मादीकडे एकही नाही असं धरू. मुलींना बापाकडून एक मिळणार. मुलग्यांना पण बापाकडून एकच मिळणार, आईकडून मिळायला तिच्याकडे आहे कुठे. म्हणजे मुलगे आणि मुली दोन्ही राखाडी, झाला घोटाळा. दोन्हीकडे पिलग्रिम असेल तरच ती किमया चालते, म्हणून जातिवंत ठेवण्याचं मला पटणारं सगळ्यात ठोस कारण कुठलं असेल तर हे. बाकी बहुतेक ब्रीडमध्ये शेपटीखाली उघडून बघावं लागतं आणि ते शिकलेल्या माणसाकडून शिका, पिल्लाला इजा होते. नाहीतर थांबा, नराचा आवाज बारीक होतो आणि मादीचा भसाडा, थोडा धीर धरला की कळतं.

प्रश्न: पाच वर्षांपूर्वी एक जोडी आणली, पुढे सगळा कळप त्याच जोडीचा. आता तेवीस आहेत. पहिली दोन वर्षं छान पिल्लं निघाली, आता निम्मी अंडी रिकामी आणि काही पिल्लं कवचातच मरतात. दाणापाणी तेच आहे. बाहेरचं रक्त आणलं तर माझी शुद्ध लाईन बिघडेल म्हणून थांबलोय.

उत्तर: दादा, तुमची लाईन शुद्ध राहिली तशीच ती आतल्या आत आटत चाललीय. भावाबहिणीची, बापलेकीची जोडी लागत गेली की पहिला फटका नेमका इथेच बसतो, अंड्यात जीव धरत नाही आणि धरला तर शेवटच्या दिवसांत टिकत नाही. रंगरूप शाबूत राहतं म्हणून लक्षात यायला उशीर होतो.

तरीपण सगळं खापर रक्तावर फोडायच्या आधी दुसऱ्या गोष्टी बघून घ्या. अंडी सातव्या ते दहाव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून बघा. रक्तवाहिन्यांचं काहीच जाळं दिसत नसेल तर नराचा प्रश्न, तो म्हातारा झालाय, किंवा फार लठ्ठ आहे, किंवा वर्षाच्या आतला पोरगेला आहे, किंवा कळपात चार नर आहेत आणि ते अख्खा हंगाम एकमेकांशीच मारामारी करतायत. तेवीस पक्ष्यांत किती नर आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही, मला शंका येतेय की बरेच असतील. जाळं दिसतंय पण पुढे मरतंय तर मग उबवण्याकडे बघा. मशीनमध्ये ठेवत असाल तर ३७.५ अंश, आणि गूजच्या अंड्याला शेवटचे तीन-चार दिवस दमटपणा बराच वाढवावा लागतो, नाहीतर आतली पातळ त्वचा चामड्यासारखी होते आणि पिल्लाला फोडता येत नाही. मादी स्वतः दिवसातून एकदा उठून जाते, अंगाला पाणी लावून परत येऊन बसते, ती उगीच नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ अंडी गार करून कोमट पाणी शिंपडणारे लोक आहेत आणि मी पण त्यांच्यातलाच. खुडूक बसलेली मादी असेल तर मी मशीनच्या वाटेलाच जात नाही, तिच्या अंगाखाली मावतील तेवढीच, आठ-दहा अंडी द्यायची आणि लांब राहायचं.

(इथेच एक, मिक्स कळपवाल्यांसाठी. हलक्या ब्रीडची अंडी २८ ते ३० दिवसांत फुटतात, जड ब्रीडची ३२-३४ पर्यंत पण लांबतात. कळप मिक्स असेल आणि सगळी अंडी एकदम ठेवलीत तर पिल्लं आठवडाभर रेंगाळत निघतात, मादी पहिली तीन पिल्लं घेऊन निघून जाते आणि मागची अंडी गार पडतात. अशा वेळी मागची लगेच मशीनमध्ये हलवा, फेकू नका.)

हे सगळं ठीक असेल तर मग बाहेरचं रक्त आणाच. त्याच ब्रीडचा पण दुसऱ्या कळपातला, ज्याचा तुमच्या जोडीशी संबंध नाही असा नर मिळाला तर काहीच बिघडत नाही, ब्रीड तेच राहतं आणि दम परत येतो. असा नर मिळतच नसेल तर जवळच्या ब्रीडचा एक क्रॉस घेऊन परत मागे वळता येतं. पहिल्या क्रॉसच्या मुली परत तुमच्या ब्रीडच्या नराला द्या, पिल्लांत तुमचं रक्त पाऊण, पुढच्या वेळी सात-अष्टमांश, त्याच्या पुढे सोळापैकी पंधरा. कागदावर ही चार पिढ्यांची गोष्ट आहे, पण गीजच्या एका पिढीला दोन वर्षं धरा म्हणजे सात-आठ वर्षं गेली, आणि नुसतं गणित करून भागत नाही, दर पिढीला जी ब्रीडसारखी दिसतात तीच ठेवायची आणि बाकीची मिक्स म्हणूनच द्यायची. आणि दर पिढीला नर तोच ठेवू नका, नाहीतर पुन्हा बापलेकीवर याल. हे जमणार नसेल तर सरळ दुसरा कळप शोधा, लांबचा असला तरी जा.

आणि वही घाला. पायात नंबरची कडी आणि वहीत आईबाप, एवढं पुरे. तेवीस राखाडी गीज सारखेच दिसतात हो, आपल्याला वाटतं लक्षात राहील, पण ते तिसऱ्या वर्षीच विसरायला होतं.

प्रश्न: दोन महिन्यांच्या पिल्लाचा एक पंख बाहेर फिरलाय, शेवटची पिसं काटकोनात उभी. मिक्स केल्यामुळे झालं का?

उत्तर: क्रॉस केल्यामुळे नाही. याला एंजल विंग म्हणतात, बहुतेकदा भरभर वाढण्याच्या दिवसांत जास्त ताकदीचा दाणा खाऊन होतो, पिसांचं वजन वाढतं आणि मनगटाचा सांधा ते पेलत नाही. पहिले तीन आठवडे २०-२२ टक्के प्रोटीनचं खाणं ठीक, नंतर १५-१६ वर आणा आणि पोट गवतावर भरू द्या, पाव तर बंदच. पंख लोंबायला लागल्याबरोबर घडी करून काही दिवस हलकी पट्टी बांधली तर बसतो, दोन महिन्यांनंतर फारसा उपयोग होत नाही. पक्षी जगतो छान, पण त्याची पिल्लं घेऊ नका, काही लाईनमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसतं. आणि पाय लुळे पडणारी पिल्लं असतील तर तो वेगळा विषय, कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात गीजला पुरेल एवढं नायसिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) नसतं, थोडं ब्रूअर्स यीस्ट मिसळत जा.

प्रश्न: आमचा आफ्रिकन-टुलूझ मिक्स नर अंगावर येतो, मुलांना चावतो. जातिवंत असता तर शांत असता का?

उत्तर: हंगामात कुठलाही नर अंगावर येतो, ती त्याची ड्युटी आहे. पण तुम्ही पुढे लिहिलंय की त्याला एकट्याला मशीनमध्ये काढून घरात, मांडीवर वाढवला, मला वाटतं खरं कारण ते. अंड्यातून निघाल्यावर जे पहिलं हलताना दिसतं त्यालाच पिल्लू आपलं कुळ समजतं, प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेंझने नेमक्या याच पक्ष्यावर, ग्रेलॅगवर, हे दाखवलं आणि १९७३ चं नोबेल ज्या कामाला मिळालं त्यात हे पण होतं. तुमच्या नराला तुम्ही त्याचे वाटता, मग मुलं म्हणजे त्याचे प्रतिस्पर्धी, मारामारी होणारच. त्याच्यापुढून पळू नका, लाथ तर अजिबात मारू नका, हात पसरून सावकाश त्याच्याच दिशेने चालत जा आणि तो वळेपर्यंत थांबू नका. मुलांना हंगाम संपेपर्यंत लांब ठेवा. आणि पुढच्या वेळी निदान तीन-चार पिल्लं एकत्र वाढवा.

प्रश्न: बदकं आणि गीज एकाच खुराड्यात आहेत. यांचा क्रॉस होईल का?

उत्तर: पिल्लं होणार नाहीत. पण ज्या नराला स्वतःची मादी नाही तो बदकीवर चढायचा प्रयत्न करतो, आणि पाण्यात असतील तर तिचं डोकं खाली दाबलं जाऊन ती बुडते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. हंगामापुरती मध्ये जाळी टाका, गुडघ्याएवढी नको, कंबरेएवढी.